दहावा ठोका

अंबडच्या एमआयडीसीत आमचं युनिट तसं लहानच. चार लेथ, एक प्रेस, एक बफिंगचं मशीन आणि पत्र्याखाली भाजून निघणारी चौदा माणसं. आम्ही भांडी करत नव्हतो, हे आधीच सांगून ठेवते, कारण ‘भांडी’ म्हटलं की आमचे देवरे साहेब भडकायचे. "मॅडम, भांडं बोहारणीकडं मिळतं. आपण वस्तू बनवतो, वस्तू!" साहेब मूळचे नामपूरचे. चिडले की त्यांची शहरी मराठी गळून पडायची आणि आतली अहिराणी बाहेर यायची.

वस्तू म्हणजे तांब्या-पितळेच्या फुलदाण्या, दिवे, वाडगे. नक्षी नाही, कोरीवकाम नाही, नुसता आकार. २००३ च्या पावसाळ्यात परदेशातल्या एका दुकानासाठी साठ फुलदाण्यांचं काम आलं होतं. खाली दुधी भोपळ्यासारखं पोट, मधे कंबर, वर तीन बोटं जातील एवढंच तोंड. तांब्याची गोल चकती फर्म्यावर, म्हणजे साच्यावर, दाबून धरायची, लेथ सुरू केला की ती गरगर फिरते, आणि कारागीर लांब दांड्याच्या टोकाला बसवलेल्या रोलरनं तिला रेटत रेटत फर्म्याला नेसवतो. फर्मा तुकड्यातुकड्यांचा असतो. काम झालं की तोंडातून एकेक तुकडा काढून घ्यायचा. मागे उरते ती गुळगुळीत, बिनसांध्याची वस्तू. तीत तोंड दिसतं.

मी तिथं तपासणीला होते. प्रतिभा तांबट, डिप्लोमा मेकॅनिकल, वय अठ्ठावीस. एका हातात मोजायचा व्हर्नियर आणि दुसऱ्या हातात रजिस्टर घेऊन दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हे माझं काम. आई म्हणायची, "पगार दिला नसता तरी तू हेच केलं असतंस." खोटं कशाला बोलू, केलं असतं.

पहिली चूक सापडली ती अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या संध्याकाळी मी पास केलेल्या फुलदाणीच्या पोटावर तीन ठोके होते. हातोडीचे. गोल, सपाट, एकाशेजारी एक.

मी तडक लेथवरच्या काळूकडे गेले. काळू पेठकडचा, पस्तिशीचा, आमचा सगळ्यात चांगला कारागीर. "काळू, हे काय दिवे लावलेत?"

त्यानं फुलदाणी फिरवून पाहिली. "ताई, म्या नाय केलं. अन् हातोडी हाय कुठं आपल्याकडं? इथं समदं रोलरचं काम."

"मग काय उंदरांनी ठोकलं?"

"उंदरांनी ठोकलं असतं तर वाकडं आलं असतं," काळू म्हणाला. "हे लय सरळ हाय."

ते खरंच सरळ होतं. मी रागारागानं फुलदाणी बफिंगला पाठवली आणि ठोके घासून काढायला लावले.

दुसऱ्या दिवशी दोन फुलदाण्यांवर ठोके. तिसऱ्या दिवशी चारांवर. देवरे साहेब येऊन कपाळाला हात लावून उभे राहिले. "हाई काय भानगड शे?" मी म्हटलं, कुणीतरी खोडसाळपणा करतंय, मी पकडते. कपाटात एक फुलदाणी ठेवली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली आणि घरी गेले. सकाळी कुलूप तसंच होतं. आत फुलदाणीवर वीस ठोक्यांची एक अख्खी ओळ उमटली होती.

मी घाबरले नाही. मला राग आला. राग आला की मी मोजमाप करते, त्यानं डोकं थंड होतं. प्रत्येक ठोक्याचा व्यास दहा मिलिमीटर. ठोक्यांमधलं अंतर सारखं. आता हे नीट ऐका. तांब्याच्या पातळ भांड्यावर बाहेरून ठोकायचं तर आतून लोखंडी आधार लागतो, नाहीतर भांडं चेपून जातं. हे काम मला घरातूनच माहीत आहे. तीन बोटांच्या तोंडातून असला आधार आत जात नाही. म्हणजे हे ठोके मारणंच शक्य नव्हतं. आणि तरी ते होते, स्वच्छ, कडेला एकही सुरकुती नाही. टिचकी मारली तर ठोकलेल्या जागी तांबं कडक झालेलं, आवाज खणखणीत. मी रजिस्टरमध्ये शेरा लिहिला: ‘ओळ डावीकडून उजवीकडे चढते. दर दहावा ठोका दीड मिलिमीटर खाली.’

एक गोष्ट मात्र लिहिली नाही. फुलदाणी कपाटातून काढली तेव्हा ठोक्यांची जागा गरम होती. नुकतंच कुणी ठोकलं असावं, तेवढी गरम.

आता घरचं सांगायला हवं. आम्ही जातीनं आणि धंद्यानंही तांबट. माझे वडील, अण्णा, निवृत्ती तांबट, यांचा जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये ऐरणीवर जन्म गेला. घंगाळ, हंडे, कळश्या. तयार भांड्यावर हातोडीनं बारीक ठोके मारून चकाकी आणायची, त्याला मठारकाम म्हणतात, आणि अण्णांच्या मठाराला लेनमध्ये तोड नव्हती. अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणंही तुटक झालं. तेव्हापासून आम्ही सिडकोतल्या दोन खोल्यांत राहत होतो.

माझा मोठा भाऊ रवी त्याआधीच गेला होता. मेला नव्हता, गेला होता. एक्क्याण्णवच्या सिंहस्थात, एकोणीस वर्षांचा असताना. रवी डावखुरा होता. हात चांगला होता, पण लक्ष रस्त्यावर. मनात मोजत ठोके मारायचा आणि दहाव्याला मान वर करून बाहेर बघायचा. "हात सांडला!" म्हणून अण्णा हातोडीनं त्याच्या बोटाच्या सांध्यावर टोला द्यायचे. लहानपणी हळू द्यायचे. त्या दिवशी दुकानात बाहेरगावचे चार लोक बसले होते, त्यांच्यादेखत अण्णांनी जोरात मारलं. रवी उठला. आपली हातोडी उचलली आणि रामकुंडाकडे लोटलेल्या गर्दीत शिरला. परत आला नाही. साधू झाला म्हणाले, बुडाला म्हणाले, मुंबईला दिसला म्हणाले. पोलिसांत नोंद केली, पेपरात फोटो दिला, सगळं झालं.

आई रोज त्याच्या नावाची एक भाकरी जास्त थापायची. ‘चि. रवी’ असं नाव घातलेली त्याची थाळी रोज घासून पुसून भिंतीशी ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती शिळी भाकरी माझ्या डब्यात. बारा वर्षं मी भावाच्या वाटणीची भाकरी खात होते, आणि खरं सांगते, मी त्या भाकरीला वैतागले होते.

बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि पुढचे विधी करतात. पुन्हा सिंहस्थ आला, बारा वर्षं भरली. विंचूरचे गोटीराममामा म्हणाले, "बाई, लय झालं आता. पोराला मोकळं कर." आईनं तोंडाला पदर लावला. अण्णा भिंतीकडे बघत राहिले. शेवटी मीच त्र्यंबकला जाऊन गुरुजींकडून तारीख घेऊन आले. सर्वपित्री अमावास्या, सकाळी अकरा वाजता. घरात एकदाचं काहीतरी संपावं एवढंच मला हवं होतं.

अमावास्येला आठ दिवस राहिले असताना मी कपाटातली फुलदाणी पिशवीत घालून घरी आणली. मनात काही नव्हतं. मठारकाम ओळखणारा माणूस घरात बसलाय, त्याला विचारावं हे ठोके कुठल्या हातोडीचे, एवढंच.

अण्णा खाटेवर बसले होते. मी फुलदाणी मांडीवर ठेवली. त्यांनी डाव्या हाताची बोटं ओळीवरून फिरवली. एकदा. दोनदा. मग बोट दहाव्या ठोक्यावर थांबलं आणि तिथून हलेना. त्यांच्या गळ्यातून आवाज निघाला तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"रवी," ते म्हणाले.

आईच्या हातातलं ताट पडलं. तिनं देवघरातला तांब्या आणला. रवीनं एकट्यानं पुरा केलेलं ते एकच भांडं. मी दिव्याखाली दोन्ही शेजारी ठेवली, व्हर्नियर लावला. ओळ डावीकडून उजवीकडे. दर दहावा ठोका दीड मिलिमीटर खाली.

मुलींना ऐरणीपाशी बसवत नसत, म्हणून ते काम मी लांबूनच पाहिलं होतं, पण तांब्या तर रोज हातात होता! आणि मी तपासणीवाली! तोवर मी अकरा फुलदाण्या घासून काढल्या होत्या. माझा भाऊ अकरा वेळा आला आणि अकरा वेळा मी त्याला बफिंगला पाठवला. मी ढसाढसा रडले. आईच माझी पाठ थोपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी मामा आले. त्यांनी फुलदाणी पाहिली, हात जोडले आणि दोन पावलं मागं सरकले. "हे जित्या माणसाचं काम नाय," ते म्हणाले. "पोरगं अडकलंय गं. सुटका मागतंय. विधी लवकर उरका."

"आणि जिवंत असला तर?" आई म्हणाली. "जित्या पोराला अग्नी देऊ, दादा?"

मामांकडे उत्तर होतं आणि ते मलाही पटत होतं. कुलूपबंद कपाटात येऊन ठोके मारणारा माणूस जिवंत कसा असेल? बोला! मी डिप्लोमा झालेली बाई, माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण हा हिशेब मलाही कळत होता. दहावा ठोका भावाचाच होता. पण भाऊ या जगातला होता की त्या, हे त्यातून कळत नव्हतं.

तेव्हा अण्णांनी खाटेवर हात आपटला. "नाही," म्हणाले. मग देवघरातला तांब्या जवळ ओढला. "हा... हलका." फुलदाणीवर बोट टेकवलं. "हा... जड. बाप्याचा." ते धापा टाकत थांबले, परत बोलले. "खालची कड... उथळ. करंगळी... धरत नाही."

मी भिंग काढून पाहिलं. खरंच, तांब्यावरचे ठोके चहूबाजूंनी सारखे होते. फुलदाणीवरच्या प्रत्येक ठोक्याची खालची कड कमी खोल होती. आणि ठोका जवळपास दीडपट खोल. एकोणीस वर्षांच्या पोराचा हात आणि एकतीस वर्षांच्या बाप्याचा हात. मधे कधीतरी करंगळीला काहीतरी झालेलं.

"मेलेला," अण्णा शब्द गोळा करत म्हणाले, "मोठा... होत नाही."

बाहेर दूधवाल्याची घंटा वाजली. आई उठली आणि तिनं डब्यातून ज्वारीचं पीठ काढलं. त्या दिवशी ती भाकरी थापताना काहीतरी गुणगुणत होती. बारा वर्षांत पहिल्यांदा.

मी फुलदाणी परत युनिटमध्ये नेऊन कपाटात ठेवली. सकाळी लवकर जायचं, कपाट उघडायचं, हात लावायचा. रोज नवी ओळ, रोज गरम. मी काळूला खरं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "ताई, आता घासायचं नाय कायबी." साहेबांना मी सांगितलं की हा नमुना आहे, हातोडीकामाचा. साहेब म्हणाले, "झकास शे!" आणि गेले. मी दारं उघडीच ठेवून काम करू लागले, वेडीसारखी. रस्त्यावरून माणूस गेला की त्याचे हात बघायची.

गुरुजींना विधी नको म्हणून कळवायचं मी उद्यावर टाकत होते. म्हटलं, सावकाश कळवू.

अमावास्येच्या दोन दिवस आधी कपाट उघडलं तर नवी ओळ अर्धीच होती. नऊ ठोके. दहावा नाही.

मी हात लावला. तांबं गार होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. नऊ ठोके, गार. मी दिवसभर दर तासाला कपाट उघडलं. संध्याकाळी घरी आले ती तडक मोरीत जाऊन पाणी सोडून बसले. आईनं माझा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. ती भाकऱ्या करायला बसली होती. रवीच्या नावाची भाकरी थापायला घेतली आणि हात तसाच पिठात राहिला.

"गेला का गं?" तिनं विचारलं.

मामांना फोन मीच केला. ते म्हणाले, "जीप घेऊन सकाळी येतो."

अमावास्येला सकाळी आठला आम्ही निघालो. मामा, आई, अण्णा आणि मी. अण्णा शाल पांघरून पुढं माझ्याशेजारी बसले होते. गाडी त्रिमूर्ती चौकातून वळताना त्यांनी माझ्या मनगटाला धरलं. "अंबड," म्हणाले. मामा म्हणाले, उशीर होईल, अकराची वेळ आहे. अण्णा म्हणाले, "अंबड." तेव्हा मामांनी गाडी वळवली.

युनिटमध्ये पोचलो तर लाइट गेलेली. लेथ बंद, पंखे बंद. माणसं बाहेर चहाला गेलेली, आत एकटा काळू फर्मा पुसत बसला होता. तिथं इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मामा जीपपाशीच थांबले. काळूनं आणि मी अण्णांना धरून आत आणलं, खिडकीखालच्या बाकावर बसवलं; आई मागोमाग आली. ऊन सरळ बाकावर पडलं होतं. मी कपाटातून फुलदाणी काढून उन्हात ठेवली.

अण्णांनी नऊ ठोके मोजले. मग शालीखालून आपली हातोडी काढली.

पाच वर्षं त्या हातोडीनं कुणी ठोका मारला नव्हता. त्यांनी ती डाव्या हातात धरली.

"अण्णा, चेपेल ती," मी म्हटलं. "आतून आधार नाही."

त्यांनी ऐकलं नाही. हातोडी नवव्या ठोक्याच्या पुढं नेली. मी मोजमापं करणारी बाई, मला दिसत होतं, ते ओळीत नेम धरत नव्हते. थोडा खाली धरत होते. दीड मिलिमीटर खाली.

ज्या चुकीसाठी त्यांनी त्याला घालवला, ती चूक ते स्वतः करत होते.

"ये," अण्णा म्हणाले, आणि ठोका मारला.

फुलदाणी चेपली नाही.

आवाज खणखणीत आला. आतून कुणीतरी आधार धरला होता.

आम्ही वाट पाहिली. बाहेर मामांनी हॉर्न वाजवला. आईनं डोळे मिटले होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजायला पाच मिनिटं.

मग टक.

अण्णांचा हात मांडीवर होता. हातोडी बाकावर.

टक.

बारावा ठोका मी उमटताना पाहिला. तांबं खाली गेलं. वर काहीच नव्हतं. ऊन होतं फक्त.

टक. टक. टक.

काळू खाली बसला आणि त्यानं जमिनीला हात लावला. आई पुढं झाली. तिनं ठोके पडत होते तिथंच, त्या उन्हात, हात धरला. पोराच्या डोक्यावर धरावा तसा.

विसावा ठोका थोडा खाली पडला. मग थांबलं.

लाइट आली, पंखे फिरू लागले. आई बाहेर गेली आणि जीपपाशी उभ्या असलेल्या भावाला म्हणाली, "दादा, गाडी वळव. घरी जायचंय. भाकऱ्या करायच्यात."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निमूट गाडी सुरू केली. गुरुजींना मी एसटीडी बूथवरून फोन केला. म्हटलं, विधी रद्द करा. ते म्हणाले, का हो, काय झालं? मी म्हटलं, माणूस आहे.

त्यानंतर एकाही वस्तूवर ठोका उमटला नाही. उरलेल्या फुलदाण्या गुळगुळीत निघाल्या, पास झाल्या, खोक्यांत भरून गेल्या. ती एक मात्र मी घरी आणली. साहेबांनी विचारलं तर म्हटलं, रिजेक्ट आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी चांगला माल रिजेक्ट केला. रोज सकाळी मी तिला हात लावायची. गार. पण आता मला भीती वाटत नव्हती. का, ते विचारू नका. वाटत नव्हती एवढं खरं.

खंडेनवमीला आम्ही घरात हत्यारांची पूजा करतो. पाटावर अण्णांच्या हातोड्या, कातऱ्या, माझा व्हर्नियर, वर झेंडूची फुलं. रवीची हातोडी त्याच्याबरोबर गेलेली, म्हणून पाटावर तेवढी जागा दरवर्षी मोकळी ठेवतो. त्या दिवशी मी फुलं वाहत होते आणि दारात उजेड अडला.

डोक्यावरचे केस मागं गेलेला, वाळलेला, खांद्याला रेक्झिनची पिशवी. सिडकोचं घर त्यानं पाहिलेलं नव्हतं. तांबट लेनमध्ये विचारत विचारत आला म्हणाला. आवाजावरून मी ओळखलं.

आई ओरडली नाही, रडली नाही. भिंतीपाशी जाऊन तिनं थाळी उचलली, पदरानं पुसली आणि पाटासमोर ठेवली. "बस," म्हणाली. "भाकरी गरम आहे."

मीच रडले आणि मग मीच भांडले. "बारा वर्षं! एक कार्ड टाकायला हात मोडला होता का रे तुझा?"

"जवळजवळ," तो म्हणाला आणि कसनुसा हसला. गुजरातेत, मोरबीला, टाइल्सच्या कारखान्यात होता. डाव्या हाताची करंगळी अर्धी नव्हती. प्रेसमध्ये गेली, तीन वर्षांपूर्वी.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या थाळीत भाजी वाढली. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "हातोडी कुठाय?"

"सुरतेला विकली. पहिल्याच महिन्यात, खायला नव्हतं म्हणून." तो पाटावरच्या मोकळ्या जागेकडे बघत होता. "त्यानंतर आजपर्यंत हातात धरली नाही. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं. फुलदाणी त्याच्या मागं फळीवर होती. त्यानं अजून पाहिली नव्हती.

जेवण झालं. अण्णा खाटेवर, तो खाली त्यांच्या पायाशी. मग अण्णांनी विचारलं, "आता... का आलास?"

रवीनं मान खाली घातली. "तुम्ही बोलावलंत ना?"

आईनं हातातली थाळी खाली ठेवली.

"अमावास्येच्या सकाळी," तो म्हणाला, "नऊ वाजायच्या सुमाराला. भट्टीपाशी उभा होतो, जवळ कुणी नव्हतं. बोटाच्या सांध्यावर ठक्कन टोला बसला. कुणाचा ते मला लगेच कळलं. पण या वेळी दुखलं नाही. आठ दिवस धीर होत नव्हता, मग निघालो."

त्यानं डावा हात पुढं केला. अण्णांनी तो आपल्या डाव्या हातात घेतला आणि ते रडायला लागले, आवाज न करता. मी वाकून पाहिलं. मधल्या बोटाच्या सांध्यावर एक खूण होती. गोल, सपाट. दहा मिलिमीटर. व्हर्नियर पाटावर फुलांखाली होता, तो काढायची गरज नव्हती.

नऊ दिवस झाले होते. मी त्या खुणेवर बोट ठेवलं. तेवढीच जागा अजून गरम होती.